राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे : नृत्यभारतीची वाटचाल

बुऱ्हाणपूरजवळ उतावळी नदीकाठी महाल गुलारा उभा आहे. शाहजहानच्या काळातल्या या वास्तूशी गुलारा नावाच्या एका गायिकेची आठवण जोडून सांगतात. १६०१ मध्ये जवळचा असीरगड किल्ला पडला आणि तापीकाठचे हे शहर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मोठे ठाणे झाले. जिथे दरबार, तिथे गाणे आणि नाचणे असायचेच. पुढे दरबार उठला. महालाच्या भिंती राहिल्या, पण त्या भिंतींनी ऐकलेले स्वर आणि पाहिलेली पावले मागे राहिली नाहीत. राजाश्रयावर पोसलेल्या कलेची ही जुनी व्यथा आहे. कथक नृत्यावरही ही वेळ आली होती. त्या वेळी हे नृत्य मध्यमवर्गीय मराठी घरांत रुजवण्याचे काम ज्या संस्थांनी केले, त्यांत पुण्याच्या नृत्यभारती कथक डान्स अॅकॅडमीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आज मराठी मुलखातल्या गावोगावी संध्याकाळी मुलांचे नृत्यवर्ग भरतात. त्यामागे जे कष्ट आहेत, त्यांची कहाणी या संस्थेच्या वाटचालीत वाचता येते.

कथा सांगणाऱ्या कथकांपासून निघालेले हे नृत्य मंदिरांतून दरबारात गेले. लखनौला वाजिद अली शाहच्या दरबारात ते बहरले, जयपूरला त्याचे वेगळे घराणे झाले आणि रायगड संस्थानात राजा चक्रधर सिंह यांनी त्याला स्वतःच्या विद्वत्तेची जोड दिली. १९४७ हे वर्ष या परंपरेला कसोटीचे ठरले. त्या एका वर्षात लखनौ घराण्याचे आधारस्तंभ अच्छन महाराज गेले, खंडाळ्याला नृत्याची शाळा चालवून कथकला परदेशी रंगमंचावर नेणाऱ्या मादाम मेनका गेल्या आणि रायगडचे चक्रधर सिंहही गेले. संस्थानांचे दिवस भरत आले होते. नृत्याला पुढे कोण सांभाळणार, हा प्रश्न खरा होता. त्याच वर्षी पुण्यात रोहिणी भाटे यांनी नृत्यभारतीची स्थापना केली.

रोहिणीताईंचा जन्म १४ नोव्हेंबर १९२४ रोजी पाटण्याला झाला. शिक्षण पुण्यात झाले आणि १९४६ मध्ये त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. नृत्याचे पहिले धडे त्यांनी गुरू पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यमचे गिरवले. १९४६ मध्ये जयपूर घराण्याचे सोहनलाल यांच्याकडे कथकची सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी संस्था काढली. त्या वेळी त्यांचे वय बावीस-तेवीस होते. पाठीशी संस्थान नव्हते, घरात नृत्याची वंशपरंपरा नव्हती. भांडवल होते ते स्वतः शिकण्याच्या आणि इतरांना शिकवण्याच्या निश्चयाचे.

तो काळ सोपा नव्हता. विष्णु दिगंबर पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे यांच्या कार्यामुळे गाण्याला मध्यमवर्गीय घरांत मानाची जागा मिळाली होती. नृत्याच्या वाट्याला तो मान अजून आला नव्हता. चांगल्या घरच्या मुलींनी नाचायचे नाही, असे मानणारी घरे पुष्कळ होती. ‘नाच’ हा शब्दच हेटाळणीने उच्चारला जाई. मुलीला वर्गाला पाठवायचे तर आजी-आजोबांची समजूत काढावी लागे, शेजाऱ्यांच्या नजरा झेलाव्या लागत. पायात घुंगरू बांधणे म्हणजे लग्न जमण्यात अडचण ओढवून घेणे, ही भीती अनेक आयांच्या मनात असे. अशा वातावरणात वर्ग चालवणे म्हणजे नृत्य शिकवण्याइतकेच समाजाचे मन वळवणे होते. रोहिणीताईंनी त्यासाठी वाद घातले नाहीत. त्यांनी शिस्त, अभ्यास आणि सुसंस्कृत मांडणी यांच्या जोरावर पालकांचा विश्वास कमावला. एका घरची मुलगी आली, तिला पाहून दुसऱ्या घरची आली. पावलापावलाने हा विश्वास वाढत गेला.

शिकवण्याबरोबर त्यांचे स्वतःचे शिक्षणही अखंड चालू राहिले. लखनौ घराण्याचे लच्छू महाराज यांच्याकडे त्यांनी बारा वर्षांहून अधिक काळ, तर पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ तालीम घेतली. केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे त्या गाणे शिकल्या. या गाण्याचा फायदा पुढे संस्थेला झाला, कारण आपल्या अनेक नृत्यरचनांना संगीत त्यांनी स्वतःच दिले. जयपूरची लयकारी आणि लखनौची नजाकत या दोन्हींचा संस्कार त्यांच्या शिकवण्यात उतरला. गुरू स्वतः शिकत आहे, हे पाहत वाढलेल्या मुलींना शिक्षण कधी संपत नाही हे वेगळे सांगावे लागले नाही.

१९५२ मध्ये भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून रोहिणीताई चीनला गेल्या. या प्रवासाने त्यांचे लक्ष प्राचीन भारतीय नाट्य-नृत्यशास्त्राच्या ग्रंथांकडे अधिक वळले. नृत्य पायाने करायचे तसे डोक्यानेही करायचे, ही नृत्यभारतीची पुढची ओळख या अभ्यासातून घडली. ‘कथक दर्पण दीपिका’ हा ग्रंथ त्यांनी संपादित केला. ‘माझी नृत्यसाधना’ या आत्मकथनातून आपली वाट त्यांनी मराठी वाचकांसमोर ठेवली. नृत्याविषयी मराठीत नेमके लिहिलेले फार थोडे मिळत होते, त्या काळात या लेखनाने मराठी विद्यार्थ्यांची मोठी गरज भागवली.

पाश्चात्त्य नर्तिका इझाडोरा डंकन यांचे आत्मचरित्रही त्यांनी ‘मी इझाडोरा’ या नावाने मराठीत आणले. ही निवड अर्थपूर्ण होती. इझाडोरांनी १९०४ मध्ये बर्लिनजवळ ग्रुनेवाल्डला मुलांची नृत्यशाळा काढली होती. मूल मोकळेपणी हलले-डोलले तर त्याचे मनही मोकळे होते, ही त्यामागची श्रद्धा होती. पुण्यातली संस्था आणि बर्लिनची शाळा यांच्या नृत्यशैलींत मुळीच साम्य नव्हते. पण लहान वयात शरीराला मिळालेली समज आयुष्यभर पुरते, या एका गोष्टीवर दोन्हीकडे एकमत होते.

ही समज येते कशी, ते वर्गात डोकावल्याशिवाय कळत नाही. कथकच्या नीट चालणाऱ्या कोणत्याही वर्गात सहा-सात वर्षांचे मूल आधी उभे राहायला शिकते. पाठ ताठ, खांदे सैल, नजर समोर. मग भूमीला प्रणाम, मग अनवाणी तत्कार. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे बोल आधी तोंडाने, हाताने टाळी-खाली दाखवत म्हणायचे आणि मग पायांतून काढायचे. पहिले काही आठवडे उजवा-डावा पाय एकमेकांत अडकतात. ठाय, म्हणजे संथ लयीत जमलेले दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत निसटते. पाय लयीत स्थिरावले की घुंगरू येतात. दोरीत ओवलेली ती माळ घोट्यावर घट्ट गुंडाळून स्वतःच्या हाताने बांधता येणे, ही त्या वयातली मोठी कमाई असते. माळ सैल बांधली तर दोन चक्करांत ती खाली घसरते. मूल खाली बसते, सोडून पुन्हा बांधते. पुढच्या वेळी ती घसरत नाही.

काही दिवसांनी तिहाई येते. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर सुरू होणारा पाच मात्रांचा बोल तीनदा म्हणायचा आणि मध्ये एकेक मात्रा थांबायचे. पाच, एक, पाच, एक, पाच, म्हणजे एकूण सतरा. त्रिताल सोळा मात्रांचा, त्यामुळे सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. बोटांवर मोजत असलेले मूल बरोबर त्या मात्रेवर पाय आपटते आणि त्याचा चेहरा उजळतो. गणित जुळल्याचा हा आनंद वहीत मिळणाऱ्या आनंदाहून निराळा असतो, कारण त्यात सगळे शरीर सामील असते.

नृत्यवर्गाचे लाभ याच साध्या कृतींतून येतात. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तत्कार आणि चक्कर यांत दम, तोल आणि पायांची ताकद यांचा कस लागतो. लांबलचक तोडे पाठ करताना स्मरणशक्ती तल्लख होते. पढंत करताना, म्हणजे बोल तोंडाने म्हणताना उच्चार स्वच्छ होतात आणि चार लोकांसमोर आवाज उघडण्याची भीड मोडते. अभिनयातून कथा सांगणाऱ्या गतभावात एकच मूल कधी यशोदा होते, कधी कृष्ण. दुसऱ्याच्या मनात शिरून पाहण्याची सवय त्याला तिथे लागते. समूहनृत्यात आपले पाऊल शेजारच्या पावलाशी जुळवावे लागते, ओळ मोडली तर सगळ्यांचीच मोडते, म्हणून जबाबदारी अंगी येते. लाजाळू मूल मागच्या रांगेतून हळूहळू पुढे येते, तर अवखळ मुलाला लहेऱ्यासाठी, म्हणजे साथीच्या आवर्ती धुनेसाठी थांबायची सवय लागते. नृत्यभारतीत शिकलेल्या सगळ्याच मुली व्यावसायिक नर्तिका झाल्या नाहीत, आणि तशी अपेक्षाही नव्हती. पुढे ज्या क्षेत्रात त्या गेल्या, तिथे ही बैठक त्यांच्यासोबत गेली आणि त्यांच्या घरांत कथकला जाणते प्रेक्षक मिळाले.

संस्थेचे काम स्थिरावत गेले, तसे तिच्या संस्थापिकेचे कार्य पुण्याच्या सीमा ओलांडून गेले. खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले, ते तेव्हा मध्य प्रदेशात होते. तिथल्या नृत्याच्या अभ्यासक्रमाच्या आखणीत रोहिणीताईंचा सहभाग होता. दिल्लीच्या कथक केंद्रात त्यांनी परीक्षक म्हणून काम पाहिले. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात त्यांनी गुरू म्हणून अध्यापन केले. एकीकडे गुरूच्या समोर बसून घेतलेली तालीम आणि दुसरीकडे अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी, या दोन वाटा एकमेकींच्या विरोधात जाऊ नयेत, याची काळजी त्यांनी घेतली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार अशा परीक्षांची शिडी आज गावोगावची मुले चढतात. तालमीला शास्त्राची जोड हवी, हा आग्रह या शिडीला अर्थ देतो.

नृत्यरचनांच्या क्षेत्रातही संस्थेने स्वतःचा ठसा उमटवला. ‘शाकुंतल’, कालिदासाचा ‘ऋतुसंहार’ आणि ऋग्वेदातील उषासूक्त अशा विषयांवर रोहिणीताईंनी रचना बांधल्या. अभिनयाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी विश्लेषक होती. प्रत्येक हस्तकाला, प्रत्येक नजरेला कारण असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. १९७९ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००१ मध्ये मध्य प्रदेश शासनाच्या कालिदास सन्मानाने आणि २००६ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या रत्नसदस्यत्वाने त्यांचा गौरव झाला. हे मान एका व्यक्तीच्या नावाने आले, तरी त्यांत अनेकांचा वाटा होता. रात्री उशिरापर्यंत लहेरा धरणारे संवादिनीवादक, कच्च्या पावलांना सांभाळून घेत ठेका देणारे तबलजी, पोशाख शिवून देणाऱ्या आया, मुलीला सायकलवर बसवून वर्गाला पोहोचवणारे वडील, धाकट्या मुलींकडून तत्कार घोटून घेणाऱ्या वरिष्ठ विद्यार्थिनी, या सर्वांनी हे काम उचलून धरले.

१० ऑक्टोबर २००८ रोजी रोहिणीताईंचे पुण्यात निधन झाले. एका व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या संस्था तिच्या पश्चात अनेकदा ओसरतात. इथे तसे झाले नाही, कारण शिष्यांची पिढी आधीच उभी होती. शमा भाटे यांची नादरूप आणि प्रभा मराठे यांची कलाछाया या संस्थांनी स्वतःची वाट घडवली. रोशन दात्ये, नीलिमा अध्ये, प्रेरणा देशपांडे, ऋजुता सोमण, शर्वरी जमेनीस अशा शिष्यांनी नृत्य, रचना आणि अध्यापन यांतून ही परंपरा पुढे नेली. २०२२ मध्ये स्थापनेला पंचाहत्तर वर्षे झाली. आज या परंपरेतल्या विद्यार्थिनींच्या विद्यार्थिनी आपापल्या गावी वर्ग घेतात. ज्या घरांत नृत्याचे नाव काढणे कठीण होते, त्याच घरांत आता आजी नातीच्या पायांत घुंगरू बांधून देते.

१९४७ मध्ये कथकसमोर जो प्रश्न उभा होता, त्याचे उत्तर या वाटचालीने दिले. कलेला सांभाळायला आता कोणा सुभेदाराची किंवा संस्थानिकाची वाट पाहावी लागत नाही. आठवड्यातून दोनदा वेळेवर मुलाला वर्गाला सोडणारे घर हाच तिचा आश्रयदाता आहे. हा आश्रय लहान आहे, पण तो एका गादीवर अवलंबून नाही, म्हणून तो टिकतो. तापीकाठी असो की मुळा-मुठेकाठी, संध्याकाळी एखाद्या खोलीत दहा-बारा मुले रांगेत उभी राहतात, गुरू टाळी देतात, आणि सगळे पाय एकदम समेवर येतात.