सुगी-हिनोकीची वने आणि फळबागांतील ढेकण्या

हिरव्या अंगाचा, तपकिरी पंखांचा आणि जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा ‘प्लॉटिया स्टाली’ हा जपानमधील दुर्गंधी ढेकण्या 1874 मध्येच शास्त्रीय नोंदीत आला होता. परंतु तेथील फळबागांवर त्याच्या मोठ्या धाडी पडू लागल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यांचे मूळ बागेत नव्हे, तर भोवतालच्या डोंगरांवर शोधावे लागते.

दुसरे महायुद्ध आणि त्यानंतरची पुनर्बांधणी या काळात लाकडासाठी बेसुमार तोड होऊन जपानचे डोंगर उघडे पडले, तेव्हा शासनाने अनुदाने देऊन सुगी आणि हिनोकी या दोन सूचिपर्णी, म्हणजे फळांऐवजी शंकू धरणाऱ्या, वृक्षांची लागवड हाती घेतली आणि पुढे तिच्यासाठी कित्येक ठिकाणी मूळची रुंदपर्णी वनेही तोडली गेली. आज देशाच्या वनक्षेत्राचा सुमारे 40 टक्के भाग, म्हणजे जवळजवळ 1 कोटी हेक्टर, लावलेल्या वनांचा आहे. मात्र 1964 पर्यंत परदेशी लाकडाची आयात खुली झाली, स्वस्त लाकडापुढे डोंगरावरची तोड परवडेनाशी झाली आणि तोडणीसाठी लावलेली झाडे तशीच उभी राहून वयात येताच शंकूंनी लगडू लागली.

या ढेकण्याचे प्रौढ अनेक झाडांवर पोट भरतात. पिले मात्र मुख्यतः या शंकूंवरच वाढतात, आणि त्याचा सारा इतिहास या एका फरकात सामावलेला आहे. हिवाळ्यात पालापाचोळ्यात तपकिरी रंग धारण करून निपचित पडलेले प्रौढ वसंतात बाहेर पडून तुती, चेरी, पीच यांच्या फळांवर जगतात आणि उन्हाळ्यात शंकूंकडे वळून तेथे साधारणतः चौदा-चौदा अंड्यांचे पुंजके घालतात. अंडी घालताना मादी त्यांच्या कवचांवर आपल्या आतड्यातील सहजीवी जिवाणूंचा लेप देते. नुकतीच बाहेर आलेली पिले कवचांना चिकटून तो चोखतात, कारण त्या जिवाणूंवाचून त्यांची वाढच होत नाही. पुढे पाच वेळा कात टाकून ती प्रौढ होतात. सोंडेने शंकूतील बियांचा रस शोषताना कीटकाची लाळ घट्ट होऊन सोंडेभोवती नळीसारखे आवरण तयार होते आणि सोंड काढल्यावरही ते शंकूत राहते. ही आवरणे मोजली की शंकूंतील अन्न किती उरले आहे आणि ढेकण्ये केव्हा डोंगर सोडतील, याचा अंदाज बांधता येतो. जपानी संशोधकांनी ही पद्धत धाडींच्या पूर्वसूचनेसाठी रुजवली, आणि एवढ्या लहानशा खुणेतून एवढे उपयुक्त ज्ञान काढणे ही त्यांची मोठी कामगिरी मानावी लागेल.

अन्न संपले की प्रौढ उडत नासपती, संत्री व काकी (पर्सिमॉन) यांच्या बागांत उतरतात आणि सोंड खुपसलेले फळ वेडेवाकडे होते, डागाळते किंवा गळून पडते. बागेत त्यांची वीण जवळजवळ होत नसल्याने तेथील फवारणीने आलेले मरतात, येणारे मात्र थांबत नाहीत. कडक उन्हाळ्यानंतरच्या वर्षी शंकू भरपूर धरतात, त्यांवर मोठी पिढी पोसली जाते आणि पुढच्या वर्षी शंकू कमी पडले की तीच उपाशी पिढी लवकर बागांत घुसते. 2023 मध्ये शंकू मुबलक आले आणि 2024 मध्ये अनेक प्रांतांना बागायतदारांसाठी इशारे द्यावे लागले, यामागे हाच क्रम होता.

याच वनांच्या परागकणांमुळे जपानला ज्या व्यापक परागज्वराने ग्रासले आहे, त्यावर उपाय म्हणून 2023 मध्ये शासनाने सुगीची लावलेली वने दहा वर्षांत सुमारे एक पंचमांशाने घटवण्याचे उद्दिष्ट ठरवले. बागायतदारांनाही त्याचा काही लाभ होऊ शकेल. परंतु ते उद्दिष्ट सुगीपुरतेच आहे आणि या ढेकण्याची पिले पोसणारी हिनोकीची वने त्याच्या कक्षेबाहेर राहिली आहेत.