इथिओपिया, १९८४ : दुष्काळ आधीच होता, चित्रफीत नव्हती

२३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीच्या बातमीपत्रात उत्तर इथिओपियातील कोरेमची छावणी दिसली. पहाटेच्या थंडीत अंगावर फाटकी वस्त्रे लपेटून बसलेली हजारो माणसे, आणि रात्रीत मेलेल्यांची ओळीने ठेवलेली प्रेते. निवेदन मायकेल बर्क यांचे. चित्रण नैरोबीचे मोहम्मद अमीन यांचे. जगभरातील चारशेहून अधिक वाहिन्यांनी ती दृश्ये दाखवली. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक तेव्हा दोन आठवड्यांवर आली होती.

वस्तुतः इथिओपियाच्या मदत आयोगाचे प्रमुख दावित वोल्दे गिओर्गिस यांनी त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात देणगीदार राष्ट्रांसमोर धान्याची मागणी ठेवली होती. प्रतिसाद तुटपुंजा मिळाला. मेंगिस्तूंची राजवट सोव्हिएत गोटातली; दिलेले धान्य सैन्याच्या कोठारात जाईल, ही पाश्चात्त्यांची शंका. ती अगदीच निराधार नव्हती, पण उपाशी माणसांसाठी तिचा अर्थ एकच होता.

आणि मेंगिस्तू? सप्टेंबरात क्रांतीचा दशकपूर्ती सोहळा थाटात पार पडेपर्यंत त्यांच्या सरकारने दुष्काळाची वाच्यता होऊ दिली नाही. पत्रकारांना उत्तरेकडे जाण्यास अटकाव होता. यामागे केवळ लाज नसावी. १९७३ मध्ये जोनाथन डिंबलबी यांनी वोल्लो प्रांतातील दुष्काळावर माहितीपट केला होता. सम्राट हैले सेलासी यांना १२ सप्टेंबर १९७४ रोजी पदच्युत करण्याच्या आदल्या रात्री, लष्करी मंडळाने त्याच दृश्यांत राजवाड्यातील मेजवान्यांची दृश्ये मिसळून ती दूरचित्रवाणीवर दाखवली. मेंगिस्तू त्याच मंडळातले. चित्रफीत सिंहासन उलथू शकते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

ऑक्टोबरनंतर चक्रे फिरली. नोव्हेंबरात ब्रिटिश हवाई दलाची हर्क्युलिस विमाने धान्य वाहू लागली. अमेरिकेची मदत कित्येक पटींनी वाढली. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फियात ‘लाइव्ह एड’ झाले. युरोपची गोदामे तर आधीपासूनच अतिरिक्त धान्याने भरलेली होती. बातमीने धान्य पिकवले नाही. ते न देण्याची राजकीय किंमत तेवढी वाढवली.

मात्र कॅमेऱ्यात युद्ध आले नाही. बर्क यांच्या निवेदनात बायबलमधील दुष्काळाची उपमा होती आणि प्रेक्षकांच्या मनात निसर्गाचा कोप ठसला. तिग्राय व एरिट्रियातील बंडखोरांविरुद्धच्या लष्करी मोहिमांनी शेती आणि बाजार मोडले होते, ही गोष्ट मागे पडली. मदतीचा मोठा भाग सरकारमार्फतच गेला. त्याच सरकारने उत्तरेतील सुमारे ६ लाख लोकांना, अनेकांना बळजबरीने, नैर्ऋत्येकडे हलवले. त्यात हजारो दगावले.

‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय संघटनेच्या फ्रेंच शाखेने या स्थलांतराविरुद्ध उघड आवाज उठवला. डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर काढण्यात आले. बहुतेक देणगीदारांनी मदत चालू ठेवली.