खारीज झालेल्या मुली

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीस वहिनींनी गावातील मुलींच्या जुन्या शाळेचा इतिहास माझ्याकडे सोपविला. सोबत आणखी एक काम दिले : शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा एक मेळावा भरवायचा, त्यासाठी त्यांचे पत्ते जमवायचे. "तुम्ही त्याच शाळेत शिकलात, पुढे तिथेच शिकविलेत, तुम्हांला काय अवघड?" असे त्या म्हणाल्या. मलाही तसेच वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

शाळेच्या कपाटातील सर्वांत जुने दाखल-खारीज रजिस्टर आम्ही बाहेर काढले आणि पहिल्याच पानाशी गाडी अडली. सगळी नोंद उर्दूत. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आपल्या अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते, सरकारी दफ्तर उर्दूत चाले आणि सन फसली लिहिला जाई, हे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकविले. पण ते दफ्तर समोर आल्यावर मी निरक्षर ठरले! शेवटी आमच्याच गल्लीतील, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई मदतीला आल्या. त्यांना आम्ही सगळ्या आपा म्हणतो. आपा वाचीत आणि मी मराठीत उतरून घेई. आमरदाद 1352 फसली म्हणजे आपला 1943 चा जून, असा हिशेब करीत आम्ही दुपारच्या दुपार बसलो.

रजिस्टरात शेवटचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. आपा तो सलग वाचू लागल्या : शादी. शादी. वालिदचा तबादला. शादी. गैरहाजिरी. शादी. शादी. अर्ध्या पानानंतर त्या चष्मा काढून म्हणाल्या, "बाई, हे शाळेचं रजिस्टर आहे का लग्नपत्रिकांची फाईल?" आम्ही दोघीही हसलो. मग वये पाहिली. दहा, अकरा, नऊ. पुढे बराच वेळ कुणी हसले नाही.

आता या मुलींना शोधायचे कसे? मुलांच्या शाळेला हे कोडे पडत नाही. मुलगा नोकरीला मुंबईस जावो की दुबईस, त्याचे नाव, बापाचे नाव, आडनाव शेवटपर्यंत तेच राहते. मुलीचे आडनाव बदलते, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, गाव बदलते आणि पुष्कळ घरांत ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने नवे नावच लिहितात. म्हणजे रजिस्टरातील मुलगी आणि आज कुठेतरी सासरी नातवंडांत बसलेली आजी, यांना जोडणारे एकही अक्षर कागदावर उरत नाही. आपल्याकडे शाळेचा शब्दही किती नेमका : दाखल आणि खारीज.

हे कोडे एकट्या आपल्याच गावाला पडले की इतरांनाही, म्हणून मी मुलींच्या जुन्या शाळांचा इतिहास पुन्हा वाचावयास घेतला. त्यात जे सापडले ते भगिनींपुढे ठेवते.

आरंभ पुण्यापासून करावा लागतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली, हे आपण सर्वजणी जाणतो. त्यांच्याच शाळेत मातंग समाजातील मुक्ता नावाची मुलगी शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी, आणि लिहिणे असे की आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या निबंधाच्या आधी आणि नंतर इतिहासात मुक्ता नाही. तिचे लग्न कुठे झाले, तिने पुढे काही लिहिले का, चरित्रग्रंथ याविषयी मुके आहेत. इतक्या मोठ्या शाळेची इतकी मोठी विद्यार्थिनी, पण शाळा सुटली आणि तीही सुटली.

याच्या नेमके उलट घडले ते गोदूबाईंच्या बाबतीत. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखची ही मुलगी लहानपणीच विधवा झाली होती. भावाने तिला मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा गोदूबाई त्या शाळेच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास गेले, त्याही गेल्या. 11 मार्च 1893 रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. शाळा उघडली ती तारीख आणि शाळेतील पहिल्या मुलीच्या लग्नाची तारीख एकच. सदनाच्या रजिस्टरातील गोदूबाईच पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या 'बाया कर्वे' झाल्या, हे आपल्याला माहीत आहे ते केवळ त्यांनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात सारे स्वतः सांगून ठेवले म्हणून. नाही तर त्यांच्याही नावापुढे 'शादी' एवढाच शेरा राहिला असता.

त्याच 1893 साली शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. त्या वादात कोण किती बरोबर, हा आज आपला विषय नाही. माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. तीन वर्षांनी, 1896 साली, कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकविले पाहिजे हे कर्व्यांचे मत खरे. पण ते शिक्षण एका बाईचे आयुष्य कसे पालटते, याचा दाखला त्यांच्या घरातच वावरत होता. एका शाळेची माजी विद्यार्थिनी दुसऱ्या शाळेच्या पायात होती, असे मी समजते.

आश्रम 1900 साली पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. सहा एकर जमीन गणेश गोविंद गोखले यांनी दिली होती, तिच्यावर एक झोपडी उभी राहिली. शहरातून वाट चिखलाची आणि काट्यांची. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून संध्याकाळी पायी तिकडे जात. आज ती वस्ती कर्वेनगर म्हणून पुण्याच्या पोटात गेली आहे.

हिंगण्याच्या माजी विद्यार्थिनी कशा टिकल्या, याचा मी बारकाईने विचार केला. तिथे येणाऱ्या मुलींना सासर उरले नव्हते आणि माहेरी त्या जड झाल्या होत्या. म्हणून आश्रम हेच त्यांचे माहेर झाले. परंतु नुसत्या मायेवर माहेर चालत नाही. लेकीला तिथे हक्काने करण्यासारखे काही काम असावे लागते. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवा, एका मुलाची आई. ती आश्रमात शिकली आणि पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली. 1918 साली ही बाई अमेरिकेला गेली. तिथे लोकांच्या घरची कामे करून राहिली, इंग्रजी शिकली, आणि 1920 साली परत येऊन पुन्हा आश्रमाच्याच कामाला लागली. तिची 'माझी कहाणी' आपल्या वाचनालयात कुणी आणून ठेवील तर बरे होईल. वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर यांचेही तसेच. आश्रमात शिकल्या आणि आश्रमाच्याच झाल्या. शाळेने त्यांना देणगी मागितली नाही, आयुष्य मागितले, आणि त्यांनी ते आनंदाने दिले.

तिथल्या भाऊबीज निधीची कल्पनाही मला फार आवडते. भाऊबीजेला बहीण ओवाळते, भाऊ ताटात ओवाळणी घालतो. संस्थेतील शेकडो मुलींना भाऊ कोण? तर सारा समाज. कार्यकर्त्या दिवाळीत घरोघर जाऊन ती ओवाळणी संस्थेसाठी मागतात. वर्गणी मागायला कुणालाही संकोच वाटतो. ओवाळणी हा लेकीचा हक्कच.

अर्थात सगळ्याच जणी अशा संस्थेत राहिल्या नाहीत. कर्व्यांनी 1907 साली कुमारिकांसाठी महिला विद्यालय काढले, 1916 साली महिला विद्यापीठ. मुली शिकून बाहेर पडू लागल्या आणि पुन्हा आमचे ते नावांचे कोडे उभे राहिले. घोडनदीच्या बाळूताई खरे हिंगण्याला शिकल्या. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक निघाले, त्यावर लेखिका म्हणून नाव होते विभावरी शिरूरकर. महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! ही विभावरी कोण, याचा लोक कैक वर्षे शोध घेत होते. त्याच बाई पुढे लग्नानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या. शाळेत एक नाव, पुस्तकावर दुसरे, घरात तिसरे. आमच्या रजिस्टरातील मुलींना तीन नावे मिळाली नसतील, पण दोन तर मिळालीच.

हुजूरपागेची गोष्ट निराळी. 1884 साली रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनी ती काढली, आणि पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागी मुली इंग्रजी शिकू लागल्या. तिथे वसतिगृह होते म्हणून फार लांबून मुली येत. इरावती कर्वे यांचा जन्म ब्रह्मदेशातला, 1905 सालचा. तेवढ्या दूरवरून त्यांना लहानपणीच हुजूरपागेत ठेवले. तिथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली, मैत्रिणीच्या घरी त्या लेकीसारख्या राहिल्या, आणि पुढे बाया कर्व्यांच्या घरात सून म्हणून आल्या. शांताबाई शेळकेही हुजूरपागेच्याच. अशा शाळेला आपल्या मुली शोधाव्या लागत नाहीत. त्या जिथे जातात तिथे शाळेचे नाव सांगतात. पण हे भाग्य पुण्याचे, तेही शिकलेल्या घरांतील मुलींचे. आमच्याकडे चौथीनंतर शिकायचे तर कुठे, हाच प्रश्न होता. वरचे सरकारी शिक्षण उर्दूतून, 1918 साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूचे. मराठी शिकविणाऱ्या खाजगी शाळा मोजक्या. आपल्या योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ 1935 नंतर मुख्याध्यापक होते, म्हणून तिचे नाव राज्यभर झाले. पण तिथवर मुली किती पोचणार?

जाता जाता एक गोष्ट मनात येते. कोकणस्थ घराण्यांपैकी पुष्कळांची कुलदेवता आपली योगेश्वरी. ती कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करावयास निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी इथेच राहिली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सासरी न गेलेली देवी आमच्या गावाची, आणि गावाच्या शाळेतील मुली मात्र दहाव्या वर्षी सासरी!

पुण्याच्या या गोष्टी वाचून आम्ही आमची पद्धत बदलली. मेळाव्याची जाहिरात आधी दिली होती, तिला अकरा जणी आल्या, त्यांपैकी सात मंडळाच्याच सभासद. मग मी नवी वही घातली. तिच्यात प्रत्येकीचे माहेरचे नाव आधी लिहिते, मग सासरचे नाव आणि गाव, आणि शेवटी तिच्या वर्गातील ज्या मैत्रिणींचा पत्ता तिला ठाऊक आहे त्यांची नावे. बायका एकमेकींना कागदावरून ओळखत नाहीत. अमकीच्या शेजारची, तमकीची जाऊ, अशाच ओळखतात. या साखळीने सहा महिन्यांत त्र्याण्णव जणी सापडल्या. अलीकडच्या मुलींचे व्हॉट्सअॅपवर गट असतात हे खरे, पण त्यात दहावी झालेल्याच असतात. चौथीत, सातवीत गेलेल्यांना कोण घेते?

इथे मंडळात थोडा वादही झाला, तो लपवीत नाही. माजी विद्यार्थिनी म्हणजे शाळा पूर्ण केलेली, असे काही भगिनींचे म्हणणे पडले. मी म्हटले, मग निम्मे रजिस्टर फाडून टाका. आजही आपल्या तालुक्यातून दसरा झाला की उचल घेतलेले आईबाप कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. मुली त्यांच्याबरोबर कोपीवर धाकटी भावंडे सांभाळायला जातात. हजेरीत नाव राहते, बाकावर मुलगी नसते, आणि पुष्कळदा परत येते ती कपाळाला मुंडावळ्या लागूनच. ती आपली माजी विद्यार्थिनी नव्हे काय? वादाचा निकाल लागला नाही. वही माझ्या हातात आहे, तेव्हा मी लिहिते.

आपांनी वाचलेल्या त्या नोंदींत माझ्या आतेबहिणीचेही नाव निघाले. आम्ही तिला अक्का म्हणतो. 1943 च्या जूनमध्ये दाखल, चौथीनंतर खारीज, कारण शादी. अक्का आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची, बार्शीला नातवाकडे असते. मेळाव्याचे निमंत्रण द्यायला मी फोन केला. येणे जमणार नाही म्हणाली, गुडघे धरले आहेत. मग थोडी थांबून म्हणाली, "शाळेचं बुक सापडलं म्हणतेस ना? त्यात बघ बरं. सासरी सगळ्यांना वाटायचं मी नापास झाले म्हणून काढली. मी नापास नव्हते गं झाले."

मी आपांकडे रजिस्टर घेऊन गेले. त्यांनी बोट ठेवून ओळ पुन्हा वाचली. निकालाच्या रकान्यात एकच शब्द होता : कामयाब. मुख्याध्यापक बाईंच्या परवानगीने त्या पानाची नक्कल काढली आहे, खाली आपांनी मराठीत अर्थ लिहून सही केली आहे. येत्या गुरुवारी मी ती घेऊन बार्शीला जाते.