जनाबाईचं नाव



आपल्या परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईचं गाव. तेराव्या शतकात ती पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला होती. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, हे सगळं करता करता तिनं अभंग रचले. आज तीनशेहून जास्त अभंग तिच्या नावावर आहेत. ते तिचे हे कळतं कशावरून? शेवटी ती आपलं नाव घालायची. दासी होती, पण नाव सोडलं नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनीही जात्यावर ओव्या रचल्या. अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. पण मुळात कोणती ओवी कुणाची, हे आता कोण सांगणार?

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांनी गाणी उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पुस्तक १९५२ साली आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आमच्या गटातल्या एका ताईनं बचतीवर गाणं रचलं. मेळाव्या-मेळाव्यात ते म्हटलं गेलं, पण तिचं नाव कुणी घेतलं नाही. चूक आमचीच. शिलाईची मजुरी आम्ही रजिस्टरला लिहीत होतो आणि गाण्याला रिकामपणचा उद्योग म्हणत होतो. आता वेगळी वही केली आहे: गाणं, तारीख, रचणारीचं नाव. बाहेर कार्यक्रमाला बोलावलं तर तिच्यासाठी मानधन मागायचं, असा ठरावही घेतला.

तुम्हीही वही करा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. नाव मात्र तुमचंच घाला.