विधिमंडळातील प्रश्न : परभणी जिल्हा

आमदारांनी मंत्र्यांकडून शासनाच्या धोरणाचा व कारभाराचा जाब मागण्याची संसदीय पद्धत. परभणी, जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी हे जिल्ह्यातील विधानसभेचे चार मतदारसंघ. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते. तातडीच्या बाबींसाठी लक्षवेधी सूचना असते. उपप्रश्न हाच या पद्धतीचा खरा प्राण, कारण तयार उत्तर तेथे अपुरे पडते.

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी उत्तरात पोलिसांच्या मारहाणीचा आरोप नाकारला; मात्र न्यायालयीन चौकशी व कुटुंबास १० लाख रुपयांची मदत जाहीर केली. सभागृहातील उत्तराने प्रश्न मिटला नाही, आणि ते योग्यच झाले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.