चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून बघायची सवय आली कुठून?

मंडळी, सकाळी ट्रॅक्टर सेल्फ घेईना झाला की गावात एक ठरलेली परीक्षा होते. उतारावरून किंवा धक्का मारून इंजिन चालू करायचं आणि चालू इंजिनवरच बॅटरीची एक तार काढायची. इंजिन बंद पडलं नाही की निकाल लागला: "अल्टरनेटर ठणठणीत आहे, बॅटरी बसली." मग नवीन बॅटरी येते आणि पंधरा दिवसांत तीही मान टाकते. ऐन पेरणीच्या तोंडावर हे झालं म्हणजे काय होतं ते सांगायला नको.

ही परीक्षा काही मूर्खपणातून आलेली नाही. तिचा एक काळ होता, तिला तेव्हा थोडाफार अर्थही होता. तो काळ समजून घेतला की आजच्या मशीनवर ती का चालत नाही हे आपोआप कळतं.

शिशाची बॅटरी गाडीपेक्षा जुनी. फ्रान्समध्ये गास्तोन प्लांते यांनी ती १८५९ साली केली, आणि १८८१ मध्ये कामिय फोर यांनी प्लेटांवर लेप देऊन तिची ताकद वाढवली. पण सुरुवातीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना मोठी बॅटरी लागतच नव्हती. ठिणगी मॅग्नेटो द्यायचा, दिवे कार्बाइडचे, आणि इंजिन हँडल मारून चालू. हँडल उलटं फिरून मनगट मोडल्याच्या घटना तेव्हा नित्याच्या होत्या. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला, म्हणजे आपला सेल्फ. सेल्फ आला म्हणून मोठी बॅटरी आली, आणि रिकामी झालेली बॅटरी परत भरायला गाडीवर कायमचा डायनामो आला. चार्जिंगची सगळी कटकट सुरू झाली ती इथून.

डायनामोचं काम असं. वीज तयार होते मधल्या फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये, आणि ती सगळी बाहेर येते कम्युटेटरवर घासणाऱ्या कार्बनमधून. सगळा करंट कार्बनमधून जाणार म्हटल्यावर कार्बन झिजणार, कम्युटेटर काळा पडणार. वर स्लो इंजिनवर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून कटआउट बसवावा लागला. कटआउटचे पॉइंट चिकटले की रात्रीत बॅटरी रिकामी, कधी वायरिंगही जळालेलं. जुने मेस्त्री सगळ्यात आधी कटआउटचं झाकण उघडायचे ते उगाच नाही.

आता तार काढायची परीक्षा. पेट्रोल गाडीत मॅग्नेटो जाऊन कॉइल आली, आणि कॉइलला सतत वीज लागते. रेग्युलेटर असलेल्या डायनामोवर बॅटरीची तार काढली आणि इंजिन रेसवर चालत राहिलं, तर कॉइलला वीज डायनामोच देतोय हे उघड होतं. बंद पडलं तर डायनामो मेलेला. बिनमीटरची, फुकटची परीक्षा. तेव्हाही ती सगळीकडे निर्धोक नव्हतीच. त्याआधीच्या तीन कार्बनच्या डायनामोला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नसायचा, बॅटरीच व्होल्टेज धरून ठेवायची. तिथं तार काढली की बल्ब उडायचे.

पण बघा, ही परीक्षा कॉइलच्या पेट्रोल इंजिनची आहे! साध्या पंपाच्या डिझेल ट्रॅक्टरला चालत राहायला वीज लागतच नाही. दोरी ओढून बंद होणारं इंजिन बॅटरी काढा, अल्टरनेटर काढा, डिझेल आहे तोवर चालणार. म्हणजे अशा ट्रॅक्टरवर ही परीक्षा नेहमीच "पास" होते. मेलेला अल्टरनेटरसुद्धा पास.

आपल्याकडे ट्रॅक्टर बनायला लागले ते याच डायनामोच्या जमान्यात. फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली बाहेर पडला, १९६० मध्ये मद्रासला टॅफे उभी राहिली, १९६३ मध्ये महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर एकत्र आले. लुकास-टीव्हीएस १९६१ ची. मॅसी ३५ काय, बी-२७५ काय, मूळ इंग्लंडमधल्या बनावटीत डायनामोच. आपल्या मेस्त्रींची पहिली पिढी त्यावरच शिकली आणि हीच विद्या पुढच्या पोरांना दिली.

गंमत अशी की तेवढ्यात अमेरिकेत डायनामोचे दिवस भरत आले होते. अल्टरनेटरची कल्पना जुनीच: वीज बाहेरच्या स्थिर गुंडाळीत तयार करायची, आत फक्त चुंबक फिरवायचं. मग कार्बनमधून जातो तो चुंबकापुरता तीन-चार अँपिअर, म्हणून कार्बन वर्षानुवर्षं टिकतात. अडचण एकच, यातून निघते एसी आणि बॅटरीला लागते डीसी. ती बदलायला सेलेनियमचे बोजड रेक्टिफायर लागायचे, त्यामुळे असे अल्टरनेटर भरपूर वीज लागणाऱ्या खास गाड्यांपुरतेच राहिले. पन्नाशीच्या दशकात सिलिकॉनचे चिमुकले डायोड आले आणि क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. पुढं सगळ्यांनीच तो घेतला. कटआउटची गरजही संपली, कारण डायोड वीज उलटी जाऊ देत नाही.

डायोडचा स्वभाव मात्र नाजूक. उष्णता थोडीफार सोसतो, जास्तीचं व्होल्टेज अजिबात नाही. चालू इंजिनवर तार काढली की बॅटरीकडे चाललेला करंट अचानक अडतो, आतलं चुंबक एका क्षणात विझत नाही, आणि व्होल्टेज क्षणभर ४०-५० च्याही वर उडी मारतं. बॅटरी जितकी रिकामी तितका करंट जास्त, तितकी उडी मोठी. आणि आपण तार काढतो ती नेमकी बॅटरी रिकामी असतानाच. चांगला अल्टरनेटर परीक्षेतच मरतो.

दुसरी जुनी सवय ठिणगी पाडून बघायची. डायनामोची तार आणि बॅटरी यांच्यामध्ये कटआउट असायचा, म्हणून तिथं ठिणगी म्हणजे डायनामोचीच वीज. अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर बॅटरी थेट जोडलेली असते. तो बॉडीला टेकवला तर इंजिन बंद असतानाही ठिणगी पडणार, ती बॅटरीची. त्यावरून अल्टरनेटरचं काहीच कळत नाही, वायरिंग मात्र जळू शकतं.

मग करायचं काय? साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू करून थोडी रेस द्या, १३.८ ते १४.४ दिसलं तर चार्जिंग आहे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, अशी बॅटरी सारखं पाणी पिते. आकडा बाराच्या घरातच राहिला तर अल्टरनेटर खोलायच्या आधी पट्टा दाबून बघा. चावी लावल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का बघा. पुष्कळ अल्टरनेटरना सुरुवातीचं चुंबकत्व त्या दिव्यातूनच मिळतं, त्यामुळे दोन-चार रुपयांचा बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडू शकतं.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित तपासणी तारांची. हेडलाइट लावून, इंजिन रेसवर ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या धन खुंटावर धरा. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि ऋण खुंट यांच्यात. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष तारेचा, गंजलेल्या लगचा किंवा अर्थिंगचा. चिखलात चालणाऱ्या मशीनवर हे नेहमीचंच. दिवसा चार्जिंग बरोबर आणि रात्रीत बॅटरी रिकामी, शिवाय इंजिन बंद होऊन तास-दोन तास झाले तरी अल्टरनेटर हाताला गरम लागतोय, तर डायोडवर संशय घ्या.

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ लागू झालं. या इंजिनांचं डिझेल कॉम्प्युटर मोजतो. तिथं ती व्होल्टेजची उडी डायोडपुरती थांबेलच असं नाही.

आणि ज्यांच्याकडे अजून जुना डायनामोवाला ट्रॅक्टर आहे आणि त्यावर अल्टरनेटर चढवायचा विचार आहे, त्यांनी आधी बॉडीला कोणती तार गेलीय ते बघा. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक मशीनमध्ये धन तार बॉडीला असायची. आजचे बहुतेक अल्टरनेटर ऋण बॉडीचे. बॅटरीची दिशा न बदलता जोडला तर सगळे डायोड तिथल्या तिथं जातात, सेल्फ मारायचीही वाट बघत नाहीत.