इशारा-चौकटीचे जीवनचक्र (मोबाइल ॲप)

मोबाइल ॲपमध्ये पडद्यावर अचानक उमटणारी सूचनेची चौकट, म्हणजेच अलर्ट डायलॉग, निर्माण होण्यापासून नाहीशी होईपर्यंत ज्या अवस्थांतून जाते, त्यांना इशारा-चौकटीचे जीवनचक्र म्हणतात. ही चौकट स्वतंत्र नसते. ज्या पडद्यावर ती उघडते, त्याच्याशी तिचे आयुष्य बांधलेले असते. हे नाते दुर्लक्षिल्यास ॲप बंद पडणे वा सूचना हरवणे असे दोष उद्भवतात.

अँड्रॉइड

फोन आडवा केला की अँड्रॉइडमधील चालू 'ॲक्टिव्हिटी' सहसा नष्ट होऊन नव्याने तयार होते. जुन्या ॲक्टिव्हिटीवरील चौकट बंद केलेली नसल्यास 'विंडो लीक' हा दोष नोंदला जातो. सर्व्हरचे उत्तर उशिरा आले आणि तोवर वापरकर्त्याने पडदा बंद केला असेल, तर तेथे चौकट उघडण्याच्या प्रयत्नात ॲपच कोसळू शकते. २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० सोबत आलेला 'डायलॉगफ्रॅगमेंट' पडदा पुन्हा तयार झाल्यावर चौकटही पूर्ववत करतो. जेटपॅक कंपोजमध्ये चौकट उघडण्याची आज्ञा द्यावी लागत नाही. साठवलेल्या स्थितीनुसार ती दिसते किंवा जाते. ही पद्धत अधिक निर्धोक म्हणावी लागेल.

आयओएस

आयओएस ८ पासून (२०१४) यासाठी 'यूआयअलर्टकंट्रोलर' वापरतात. एक चौकट उघडी असताना त्याच पडद्यावरून दुसरी उघडू पाहिल्यास ती दिसत नाही. म्हणून सूचनांची रांग लावावी लागते.

कालबाह्य इशारे

काही सूचना वेळेवर नाहीशा होणेही तितकेच महत्त्वाचे असते. लातूर व नांदेड जिल्ह्यांत वळवाच्या पावसात शेतात काम करणाऱ्यांना विजेचा धोका असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे ॲप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. अशा इशाऱ्याची उपयुक्तता काही मिनिटांचीच असते. शिवारात नेटवर्क नसल्यास संदेश खोळंबतो. फायरबेस क्लाउड मेसेजिंग या सेवेत मुदत न घातलेला संदेश २८ दिवसांपर्यंत साठवला जाऊ शकतो. वादळ ओसरल्यावर पोहोचलेला असा इशारा पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास उडवतो. त्यामुळे पाठवतानाच अल्प मुदत घालणे आवश्यक ठरते. फोनवर पोहोचलेली अधिसूचना ठरावीक वेळेनंतर आपोआप काढण्याची सोय अँड्रॉइड ८.० पासून (२०१७) उपलब्ध आहे.

ॲप पार्श्वभूमीत असताना स्मृती कमी पडल्यास प्रणाली ते बंद करते व त्याची चौकटही जाते. अधिसूचना मात्र प्रणालीकडे असल्याने टिकते. म्हणूनच जीविताशी संबंधित इशारा केवळ चौकटीवर सोपवला जात नाही.